ती रिकामी सीट

आज सकाळी स्लो लोकलच्या लेडीज डब्यात मुलुंडपासून भांडुपपर्यंत एक सीट रिकामी होती. ऐन ऑफिसच्या वेळेला. बायका दारात लोंबकळत होत्या आणि सीट रिकामी!

झालं असं की विशीतल्या एका मुलीने चौथ्या सीटसाठी विचारलं, "जरा सरकता का?" बसलेल्या बाईंनी तिच्या कोपराकडे पाहिलं. लाल चट्टा, वर चंदेरी पापुद्रा. बाई उठल्याच. "बस तूच," म्हणाल्या आणि मांडीवरच्या लेकराला उचलून दाराकडे गेल्या. मुलगी बसली नाही. तिने ओढणी कोपरावर ओढली आणि खिडकीबाहेर बघत उभी राहिली. मी समोरच होते. त्या बाईंना एक शब्द बोलले नाही, त्याचाच राग आता लंच टाइममध्ये इथे निघतोय.

तो सोरायसिस होता. मी डॉक्टर नाही, पण सोरायसिस मी लांबूनही ओळखते. आईला होता.

लालबागच्या चाळीत आई फॉल-बिडिंग करायची. माझं दहावीचं वर्ष होतं. नेहमीच्या एक काकू वांगी रंगाची इरकल टाकून गेल्या. दुसऱ्या दिवशी परत आल्या, आईच्या हातांकडे बघत म्हणाल्या, "राहू दे गं, घाई नाहीये," आणि घडी न मोडलेली साडी घेऊन गेल्या. आई काही बोलली नाही. मे महिन्यात तिने लांब बाह्यांचे ब्लाउज घालायला सुरुवात केली. पहाटे आम्ही उठायच्या आत ती चादर झटकून, पडलेला कोंडा झाडून घ्यायची.

अरे, लागत नाही तो! हात लावून नाही, एका ताटात जेवून नाही, एका सीटवर बसून तर नाहीच नाही. घाणीमुळे होत नाही, बुरशीही नाही. शरीराची स्वतःची संरक्षण यंत्रणाच चवताळते. एरवी त्वचेची नवी पेशी खालून वर यायला साधारण महिना घेते, इथे ती 3-4 दिवसांत वर येते. झडायला वेळच मिळत नाही, म्हणून थर साचतात. कोडाचंही तेच, तिथे हीच यंत्रणा रंग बनवणाऱ्या पेशी मारते. आणि त्याला आपण नाव काय दिलं? श्वेतकुष्ठ! कुष्ठरोगाशी सुतराम संबंध नसताना. त्या एका शब्दापायी किती मुलींची लग्नं मोडली असतील!

ठीक आहे, खरूज-नायट्यासारखे आजार लागतात. गर्दीत कुणाला काय झालंय हे विचारत बसता येत नाही, आणि त्या बाईंच्या कडेवर लहान मूल होतं. मान्य. पण उठताना ज्या नजरेने पाहिलं ती नजर कशासाठी?

आणि फुकटचे सल्ले देणारे! "हे लाव, ते खाऊ नकोस, अमक्याचा काढा घे." शेजारच्यांच्या सांगण्यावरून आईने केमिस्टकडून एक ट्यूब आणली. स्टिरॉइडची होती, हे आम्हाला कुठे माहीत? आठवड्यात चट्टे फिके पडले. ट्यूब संपली आणि दुपटीने उसळले. डॉक्टरांच्या देखरेखीखाली तीच औषधं कामाची असतात, पण मनाने सुरू आणि मनाने बंद करायची नसतात.

पण मला सगळ्यात जास्त सलतं ते वेगळंच आहे. त्या इरकलवाल्या काकूंना मी आयुष्यभर बोल लावला, पण आम्हीही आईची फक्त कातडीच बघत होतो. सकाळी दहापर्यंत तिच्या बोटांत सुई धरवायची नाही. एक बोट तर मुळापासून टोकापर्यंत सुजलेलं. आम्ही म्हणायचो, शिवून शिवून दुखतंय. चार वर्षांनी एका डॉक्टरीणबाईंनी कोपरांच्या आधी तिची नखं बघितली. नखांवर बारीक बारीक खळगे होते, आईच्या अंगुस्तानावर असायचे अगदी तसे. सोरायसिस असलेल्या 100 जणांपैकी 30 जणांपर्यंत हा आजार सांध्यांत उतरतो. वेळेत औषध मिळालं तर सांधे वाचवता येतात. आईची दोन बोटं तोवर वाकडी झाली होती, ती तशीच राहिली. लुपससुद्धा असाच, त्यातही शरीराची संरक्षण यंत्रणा स्वतःवरच उलटते. गालावरचं पुरळ सगळ्यांना दिसतं, आत किडनीला सूज आलेली कळतसुद्धा नाही.

भांडुपला मी उठून त्या रिकाम्या सीटवर बसले आणि माझ्या जागेवर तिला हाताला धरून बसवलं. कोपरालाच धरलं. मग तिची नखं दिसली. तसेच खळगे.

"सकाळी बोटं आखडतात का गं?"

ती दचकली. "हो काकू. तासभर तरी. टायपिंगमुळे असेल ना?"

मी आईचं सांगायला लागले, इरकलपासूनच सुरुवात केली, आणि बोटांपर्यंत पोहोचायच्या आत दादर आलं. ती रेट्याबरोबर उतरून गेली. नावही विचारायचं राहिलं.

ठाण्याहून स्लो पकडणारी, अबोली रंगाची ओढणी घेणारी अशी कुणी तुमच्या ओळखीत असेल तर तिला एवढं कळवा: टायपिंगमुळे असेल म्हणून गप्प बसू नकोस. त्वचेच्या डॉक्टरांना बोटांचं सांग, आणि संधिवाताच्या डॉक्टरांकडे पाठवा म्हण. या आठवड्यातच जा.