चा-ची-चे म्हणजे ऑफ? कुणी सांगितलं!

निपाणीची भाची यंदा दहावीला. परवा तिची वही उघडली तर रजेच्या अर्जात 'रीझन ऑफ माय अॅब्सेन्स'. खाली 'आन्सर ऑफ द क्वेश्चन'. विचारलं तर म्हणते, "मामा, व्हॉट्सअॅपवर आलंय की! सगळ्या वर्गानं उतरून घेतलंय."

'इंग्रजी प्रिपोझिशन दोन मिनिटांत' असा तो मेसेज. त्यातलं म्हणणं असं: एका अर्थाच्या नामांना एकच प्रिपोझिशन, मराठीत चा-ची-चे दिसलं की ऑफ, आणि क्रियापदाला जे लागतं तेच नामाला.

पहिलं तर लगेच निकालात निघतं. आपलं 'कारण' इंग्रजीत रीझनही असतं आणि कॉजही. अपघात कशानं झाला ते 'कॉज ऑफ', तुम्ही शाळेत का आला नाहीत ते 'रीझन फॉर'. वर 'कॉज फॉर कन्सर्न' म्हणताना त्याच कॉजला फॉर लागतो. बसवा आता नियम.

खरं नुकसान करतंय ते चा-ची-चे. प्रश्नाचं उत्तर, 'आन्सर टू'. पाण्याची मागणी, 'डिमांड फॉर'. कुलपाची किल्ली, 'की टू'. आणि बसभाडं घ्या. भाड्याची वाढ, पाच रुपयांची वाढ. मराठीत दोन्हीकडे 'ची'. इंग्रजीत मात्र वाढ कशात ते 'इन्क्रीज इन द फेअर', किती ते 'इन्क्रीज ऑफ फाइव्ह रुपीज'. सगळीकडे ऑफ ठोकलात तर हा फरकच बुडाला. अहो, प्रत्यय आपल्या शेजारच्या कन्नडशीसुद्धा जुळत नाहीत! आपण 'अपघाताचं कारण' म्हणतो, कन्नड पेपरात 'अपघातक्के कारण' छापून येतं, म्हणजे अपघाताला. दोन्ही भाषा रोज कानावर पडणाऱ्या पोरांना हे शिकवायचं?

तिसऱ्यात थोडं तथ्य आहे, नाही म्हणत नाही. डिपेंड ऑन, डिपेंडन्स ऑन. पण 'डिस्कस'ला काहीच लागत नाही आणि 'डिस्कशन'ला अबाउट किंवा ऑन लागतो. 'डिस्कस अबाउट' हा आपल्याकडचा जुना रोग इथूनच येतो.

घरात ऑक्सफर्डची अॅडव्हान्स्ड लर्नर्स डिक्शनरी आहे. हॉर्न्बीसाहेबांनी 1948 पासून शिकणाऱ्यांसाठीच चालवलेली. 'रीझन' काढा, शेजारीच 'फॉर' छापलेला आहे. 'आन्सर'पाशी 'टू'. नाम पाठ करायचं ते असं जोडीनं.

भाचीनं ऑफ खोडून फॉर लिहिलं. त्या दिवशी शाळेत का गेली नव्हती, ते अजून सांगितलेलं नाही.