‘केबलींच्या जंजाळातून मिळाले काय?’ या प्रतिक्रियेला उत्तर

आपल्या प्रतिक्रियेचा सूर तिखट असला, तरी मुद्दे नेमके आहेत, त्यामुळे दोन ओळींत उत्तर देऊन मोकळे होणे बरे वाटले नाही. आपला आक्षेप थोडक्यात असा आहे: डिजिटल सिंथेसायझर (गणिती प्रोग्रॅमने आवाज निर्माण करणारे विजेचे वाद्य) सोडून मॉड्युलरकडे (सुटे भाग केबलींनी जोडून बनणाऱ्या सिंथेसायझरकडे) वळणे म्हणजे जास्त पैसे मोजून कमी पदरात पाडून घेणे, ‘अ‍ॅनालॉगची ऊब’ (खऱ्या सर्किटमधून येणाऱ्या आवाजाचा पोत) हा निव्वळ भ्रम, माझ्या रॅकमधली (चौकटीत बसवलेली) बरीचशी मॉड्यूल, म्हणजे सुटे भाग, आतून डिजिटलच असल्यामुळे ‘डिजिटल सोडले’ हा दावाच फसवा, आणि मॉड्युलरवाल्यांकडून पूर्ण झालेली रचना क्वचितच ऐकायला मिळते, मिळतात ते नुसते टुकटुक आवाज. शेवटी आपण एक प्रश्नही विचारला आहे, त्याकडे सर्वांत शेवटी येतो.

ऊबेबद्दल आपला आणि माझा वाद नाही. चांगल्या प्रतीच्या डिजिटल फिल्टरमध्ये (आवाजातल्या काही कंपनसंख्या गाळणाऱ्या भागामध्ये) आणि खऱ्या सर्किटच्या फिल्टरमध्ये फरक सांगा, असे डोळे बांधून कोणी मला म्हणाले, तर मी पैज लावणार नाही. केवळ आवाजाच्या पोतासाठी मॉड्युलर घ्यावे असे मला मुळीच वाटत नाही, आणि त्या कारणासाठी ते घेणाऱ्यांची बहुधा निराशाच होते.

खरी सीमारेषा अ‍ॅनालॉग आणि डिजिटल यांच्यामधून जातच नाही. ती जाते जोडणी कोणी ठरवली या प्रश्नातून. 1964 मध्ये सिंथेसायझर बनवणारे रॉबर्ट मोग यांनी आपली पहिली मॉड्यूल तयार केली आणि त्याच सुमारास डॉन बुक्ला यांनी वेगळ्या वाटेने तेच काम हाती घेतले, तेव्हा ऑसिलेटर (स्वर निर्माण करणारा), फिल्टर, एन्व्हलप (आवाजाचा चढउतार ठरवणारा) हे सगळे सुटे होते आणि कोणाची तार कुठे जाणार हे वाजवणाऱ्याने ठरवायचे होते. 1970 मध्ये मोग यांचाच मिनीमोग हा सिंथेसायझर आला. तो पूर्णपणे अ‍ॅनालॉग होता, पण त्यात तीन ऑसिलेटर, मिक्सर, फिल्टर आणि अ‍ॅम्प्लिफायर ही साखळी कारखान्यातच आतून जोडून टाकलेली होती, कारण मंचावर उभ्या असलेल्या वादकाला दोन गाण्यांच्या मध्ये तारा बदलत बसणे परवडत नाही. 1978 च्या प्रॉफेट-5 या सिंथेसायझरने मायक्रोप्रोसेसरच्या मदतीने आवाज साठवून ठेवण्याची सोय दिली, आणि 1983 च्या यामाहाच्या डीएक्स7 ने तर सगळी आवाजनिर्मितीच अंकगणितावर नेली: सहा ऑपरेटर (एकमेकांचा आवाज बदलणारे अंकी ऑसिलेटर), 32 अल्गोरिदम, एका वेळी 16 स्वर. ते अल्गोरिदम म्हणजे तरी काय? सहा ऑपरेटर एकमेकांना कसे जोडावेत याचे कंपनीने आधीच आखून दिलेले 32 आराखडे. शंभराहून अधिक पॅरामीटर आणि ते बदलायला दोन ओळींचा चिमुकला पडदा व एक स्लायडर, अशी रचना असल्यावर बहुतेक वादक कंपनीने साठवून दिलेल्या तयार आवाजांवर (प्रीसेटवर) थांबले यात नवल नाही. मी जे सोडले ते अंकगणित नव्हे. दुसऱ्याने आखलेली जोडणी सोडली.

हे हवेत बोलणे वाटू नये म्हणून एक उदाहरण जवळून पाहू. फंक्शन जनरेटर नावाचे मॉड्यूल असते. ट्रिगर (‘सुरू हो’ असे सांगणारा व्होल्टेजचा ठोका) मिळाला की त्याचे व्होल्टेज ठरवलेल्या वेळात वर चढते आणि ठरवलेल्या वेळात खाली उतरते, एवढेच त्याचे काम. ते व्हीसीएला (व्होल्टेजने आवाज कमी-जास्त करणाऱ्या भागाला) जोडले की झाला एन्व्हलप. आता त्याचे ‘आवर्तन संपले’ हे सांगणारे आउटपुट एका केबलने त्याच्याच ट्रिगर इनपुटमध्ये परत घाला: ते स्वतःलाच पुन्हा पुन्हा चालू करू लागते. चढउतार मिळून 200 मिलिसेकंद असतील, तर सेकंदाला 5 आवर्तने होतात आणि आवाज हेलकावे खातो. दोन्ही नॉब हळूहळू फिरवत ती वेळ 50 मिलिसेकंदांवर आणली की सेकंदाला 20 आवर्तने होतात, आणि हेलकावा की खर्ज अशा सीमेवर कान घोटाळतो. 4 मिलिसेकंदांवर पोहोचलात की 250 हर्ट्झचा स्पष्ट स्वर ऐकू येतो. त्याच मॉड्यूलच्या सिग्नल इनपुटमध्ये सीक्वेन्सरचे (ठरवलेले स्वर एकामागून एक देणाऱ्या मॉड्यूलचे) व्होल्टेज दिले, तर पायऱ्यापायऱ्यांनी बदलणारे स्वर एकमेकांत घसरत जातात आणि मींड मिळते. म्हणजे वस्तू एकच, आणि ती एन्व्हलप, हेलकावा, ऑसिलेटर किंवा मींड यांपैकी काय ठरणार हे केबल कुठे लावली त्यावर अवलंबून. हे शक्य होते याचे कारण असे की, युरोरॅक या मॉड्युलरच्या प्रचलित मानकात नियंत्रणाचा सिग्नल आणि ऐकायचा सिग्नल एकाच 3.5 मिलिमीटरच्या जॅकमधून जातात आणि दोन्ही फक्त व्होल्टेज असतात. (बुक्ला यांनी हे दोन्ही मुद्दाम वेगळे ठेवले होते, नियंत्रणासाठी बनाना प्लग आणि आवाजासाठी वेगळा जॅक. त्यामागेही विचार होता, पण तो विषय इथे काढला तर आटोपणार नाही.)

आजच्या डिजिटल सिंथमध्ये मॉड्युलेशन मॅट्रिक्स (कोणत्या भागाने कोणता भाग बदलायचा याचे कोष्टक) असतो, असे आपण म्हणाल. असतो, आणि काही फार चांगले असतात. पण मॅट्रिक्स ही एक यादी आहे. स्रोत कोणते आणि मुक्काम कोणते हे रचनाकाराने आधी ठरवलेले असते, आणि यादीत नसलेली जोडणी मनातही येत नाही. बऱ्याच यंत्रांत एलएफओचा (संथ हेलकावे देणाऱ्या ऑसिलेटरचा) वेग एका मर्यादेपुढे जात नाही, कारण तिथे कोणाला स्वर हवा असेल असे कोणी गृहीतच धरलेले नसते.

तुमच्या आक्षेपातला सर्वांत वजनदार भाग वेगळाच आहे: हे सगळे व्हीसीव्ही रॅक या मॉड्युलरची नक्कल करणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये फुकट करता येते, मग लोखंड कशाला? मॉड्युलर विचार शिकण्यासाठी ते पुरेसे आहे, हे मी निःसंकोच मान्य करतो, आणि मला विचारणाऱ्या प्रत्येकाला आधी तिकडेच पाठवतो. फरक पडतो तो आउटपुट फिरवून परत मागे घालणाऱ्या (फीडबॅकच्या) जोडण्यांत. व्हीसीव्ही रॅकमध्ये प्रत्येक केबल सिग्नलला एका सॅम्पलचा (डिजिटल आवाजाच्या एका मोजणीचा) उशीर लावते. सेकंदाला 48 हजार सॅम्पल (48 किलोहर्ट्झ) असताना हा उशीर नगण्य. पण पाच केबलींचे वेटोळे केले की तो सुमारे 0.1 मिलिसेकंद होतो, आणि 1 किलोहर्ट्झच्या सिग्नलसाठी तो एका आवर्तनाच्या दहाव्या हिश्श्याएवढा असतो. फिल्टरचे आउटपुट फिरवून त्याच्याच कटऑफमध्ये (गाळण कुठून सुरू व्हावे ते ठरवणाऱ्या इनपुटमध्ये) घातले, तर सर्किटमध्ये आणि सॉफ्टवेअरमध्ये वागणूक निराळी होते ती यामुळे. सॅम्पल रेट वाढवून हा फरक कमी करता येतो, हेही खरे. दुसरे कारण तांत्रिक नाही: सॉफ्टवेअरमध्ये मॉड्यूल हवी तितकी ओढता येतात आणि मी ती ओढतच राहतो. रॅकची रुंदी मोजकी असली की असलेल्याच मॉड्यूलांतून वाट काढावी लागते.

माझ्या रॅकमधल्या डिजिटल मॉड्यूलांबद्दल आपण लिहिलेले शब्दशः बरोबर आहे, पण त्यातून आपण काढलेला निष्कर्ष मला पटत नाही. मॉड्यूल रचनाकार एमिली जिले यांच्या म्युटेबल इन्स्ट्रुमेंट्स या कंपनीचे प्लेट्स हे मॉड्यूल घ्या. त्याच्या आत प्रोसेसर आहे, सगळा आवाज प्रोग्रॅममधून येतो, आणि नंतरच्या फर्मवेअरमध्ये (आतल्या प्रोग्रॅममध्ये) सहा ऑपरेटरचे एफएमही (एका लहरीने दुसरीची कंपनसंख्या बदलून आवाज करणेही) आले, म्हणजे थेट डीएक्स7 चे कूळ. तरीही त्याच्या पॅनेलवर टिंबर आणि मॉर्फ या आवाजाचा रंग बदलणाऱ्या घटकांना नॉब आहेत आणि त्यांच्यासाठी व्होल्टेजची इनपुटे आहेत, त्यामुळे वर सांगितलेला फंक्शन जनरेटर त्यात कुठेही घुसवता येतो. आत काय आहे यापेक्षा कडेला काय उघडे ठेवले आहे, हे मला महत्त्वाचे वाटते.

जिथे मॉड्युलर सरळसरळ उणे पडते, ती ठिकाणेही नोंदवतो, कारण आपण ती पूर्ण सांगितलेली नाहीत. पॅच (केबली आणि नॉब यांची एकूण मांडणी) साठवता येत नाही. फोटो काढला तरी नॉबची नेमकी जागा परत मिळत नाही. चार स्वरांचा मेळ हवा असेल, तर चार ऑसिलेटर आणि त्या प्रमाणात व्हीसीए व एन्व्हलप लागतात. सुरात राखणे हा तर स्वतंत्र उद्योग आहे. एका सप्तकाला 1 व्होल्ट या हिशोबाने एका सेमीटोनला (सप्तकाच्या बाराव्या हिश्श्याला) जेमतेम 83 मिलिव्होल्ट येतात. कीबोर्डचे व्होल्टेज साध्या मल्टिपलमधून (एक व्होल्टेज अनेक ठिकाणी वाटणाऱ्या जोडणीतून) दोन ऑसिलेटरना दिले, आणि आउटपुटचा रोध 1 किलोओहम व प्रत्येक इनपुटचा 100 किलोओहम असला, तर दुसरी केबल लावताच व्होल्टेज सुमारे एक टक्क्याने घसरते. 3 व्होल्टवर ही घसरण 29 मिलिव्होल्टच्या आसपास जाते, म्हणजे सेमीटोनच्या तिसऱ्या हिश्श्याहून अधिक. खालचे स्वर ठीक लागतात आणि वर जावे तसे सगळे बेसूर होत जाते, तेव्हा नवशिका बिचारा ऑसिलेटरलाच दोष देतो. बफर्ड मल्टिपल (प्रत्येक आउटपुटला स्वतंत्र सर्किट असलेला) वापरला की प्रश्न सुटतो. त्याखेरीज अ‍ॅनालॉग ऑसिलेटर तापेपर्यंत थांबावे लागते ते वेगळेच. डिजिटल सिंथवाल्याला यातले काहीही माहीत असण्याची गरज नसते.

राहिले टुकटुक आवाज. मॉड्युलरचे बरेचसे ध्वनिमुद्रण कच्चे असते, हे मलाही खटकते. ज्याला मुखडा, अंतरा आणि बदलत्या कॉर्डचे गाणे बांधायचे आहे, त्याने डिजिटल सिंथ सोडू नये. त्या कामाला ते यंत्र जास्त योग्य आहे आणि त्यात कमीपणा काहीच नाही. मात्र पॅच परत मिळणार नाही ही अडचण माझ्या पथ्यावर पडली. पूर्वी मी आवाज साठवून ठेवत असे आणि गाणे ‘नंतर’ करत असे. आता केबली काढण्यापूर्वीच मुद्रण करावे लागते, मग त्यातला टिकाऊ भाग कापून, थर चढवून रचना उभी करता येते. काही वेळा ती उभी राहत नाही, तेव्हा मी ती प्रकाशित करत नाही. सगळ्यांनी एवढे पथ्य पाळले, तर आपली तक्रार निम्म्याने कमी होईल.

आता आपला शेवटचा प्रश्न: हातातला डिजिटल सिंथ विकून मॉड्युलर घ्यावे का? विकू नये. मिडीचे (वाद्यांमधल्या डिजिटल संदेशांचे) व्होल्टेजमध्ये रूपांतर करणारे एक मॉड्यूल घेतले, की आपला तोच सिंथ रॅकचा कीबोर्ड होतो, आणि त्याचे आउटपुट पातळी वाढवून रॅकमधल्या फिल्टरमध्येही सोडता येते. केस (मॉड्यूल बसवायची पेटी) घेताना तिचा वीजपुरवठा अधिक 12 आणि उणे 12 व्होल्ट या दोन्ही बाजूंना किती मिलिअँपिअर देतो ते पाहावे आणि मॉड्यूलांची बेरीज त्याच्या बरीच आत ठेवावी. मॉड्यूलला वीज देणाऱ्या चपट्या रिबन केबलची लाल कड सहसा उणे 12 ची बाजू दाखवते. तरी मॉड्यूलवरची खूण पाहिल्याशिवाय वीज सुरू करू नये, कारण केबल उलटी बसली तर मॉड्यूल जळू शकते.