‘पाणी लावू नका’ हा सल्ला बंदुकीची नळी खातो

ऐतिहासिक लढायांचे प्रयोग करणाऱ्या मंडळींमध्ये ठासणीच्या, म्हणजे तोंडातून दारू ठासून भरायच्या बंदुकीबद्दल एक संदेश हातोहात फिरतो आहे. त्यातला सल्ला थोडक्यात असा: ‘काळ्या दारूच्या बंदुकीला पाणी लावू नका, गंजेल. तेलाचा बोळा फिरवला की पुरे. आपण गोळी भरत नाही, तेव्हा सफाई आठवड्याने केली तरी चालते. बार उडाला नाही तर गजाने पुन्हा ठासा. नळी मोकळी आहे का ते फुंकर मारून बघा.’ हा सल्ला पाळला तर चांगली बंदूक वाया जाते, आणि शेवटच्या दोन सूचनांनी माणूसही जाऊ शकतो. म्हणून त्या दोन आधी घेतो.

फुंकर मारायची म्हणजे नळीच्या तोंडाला तोंड लावायचं. आत दारू नाही याची खात्री नसतानाच आपण हे करणार! त्यासाठी गज, म्हणजे दारू ठासायची लांब कांडी, आहे ना. नळी रिकामी असताना गज तळापर्यंत सोडा आणि तोंडाशी येईल तिथे त्यावर खूण करा. पुढे कधीही ती खूण तोंडाच्या वर राहिली, तर आत काहीतरी आहे. हे करतानाही चेहरा आणि हात नळीच्या रेषेबाहेर ठेवायचे. सफाईची सुरुवात याच तपासणीने व्हायला हवी.

बार उडाला नाही तर लगेच काहीच करायचं नाही. रंजक, म्हणजे नळीच्या छिद्राशी बाहेर ठेवलेली आणि आधी पेटणारी चिमूटभर दारू, भडकूनही आतली दारू काही क्षणांनी पेटू शकते. नळी सुरक्षित दिशेला रोखून निदान अर्धा मिनिट थांबा. पथकाचा नियम त्याहून कडक असेल तर तो पाळा. मग रंजकाचं छिद्र मोकळं करून नवी रंजक घाला. तरीही उडाला नाही, तर नळीत पाणी ओतून दारू निकामी करा आणि मगच बाहेर काढा. अशा वेळी गज घालणारा माणूस पेटू शकणाऱ्या दारूवर हात धरून उभा असतो, आणि गज आत राहिला तर तोच बाणासारखा सुटतो. बऱ्याच पथकांत प्रयोगाच्या मैदानावर गज वापरायलाच बंदी असते, ती याचसाठी.

आता पाणी. पाण्याने लोखंड गंजतं हे खरं, पण इथे गंजाचं मूळ पाण्याच्या आधीच नळीत बसलेलं असतं. काळ्या दारूत साधारण 75 टक्के सोरा (पोटॅशियम नायट्रेट), 15 टक्के कोळसा आणि 10 टक्के गंधक असतं. ती जळल्यावर निम्म्याहून अधिक वजन वायू न होता घनरूपात उरतं. काही धुरातून जातं, बाकीचं नळीला चिकटतं. त्यात पोटॅशियमचे कार्बोनेट, सल्फेट, सल्फाइड असे क्षार असतात. कार्बोनेट हवेतला ओलावा ओढून घेतं, म्हणजे पाणी टाळूनही नळी ओली होणारच. हे क्षार पाण्यात विरघळतात, खनिज तेलात नाही. तेलाचा बोळा काळा होऊन येतो, सफाई झाल्यासारखं वाटतं, आणि क्षार मात्र तेलाखाली लोखंड पोखरत बसतात.

घोड्याची, म्हणजे चाप ओढल्यावर आपटणाऱ्या भागाची यंत्रणा उतरवा, रंजकाचं छिद्र काडीने बुजवा, नळीत कोमट पाणी आणि थोडा साबण घालून हलवा, ओतून टाका. कुजक्या अंड्यासारखा वास येईल, तो सल्फाइडचा. पाणी स्वच्छ निघेपर्यंत हे करा, मग ओल्या आणि नंतर कोरड्या चिंध्या फिरवा. पाणी नळी आणि लाकडाच्या मध्ये शिरू देऊ नका. उकळतं पाणी नको. हात भाजतो आणि तापलेल्या लोखंडावर बघता बघता तांबूस गंज धरतो. पूर्ण कोरडं झाल्यावरच तेलाचा पातळ हात द्या. तेलाची जागा शेवटी आहे, आणि तिथे ते हवंच. दुसऱ्या दिवशी चिंधी फिरवून बघा, तांबूस आली तर पुन्हा साफ करा.

गोळी नाही म्हणून सफाई लांबवण्यालाही आधार नाही. दारू तीच, क्षारही तेच. म्हणून सफाई त्याच दिवशी. आणि गोळी नसली तरी जवळून तप्त वायू आणि जळते कण माणसाला जखमी करतात. चकमकीच्या बंदुकीत रंजकाच्या छिद्रातून ज्वाळा बाजूलाही फेकली जाते, रांगेतल्या शेजाऱ्याच्या चेहऱ्याकडे. तिथे पितळी आडोसा बसवायलाच हवा.

संदेशात घोड्याच्या यंत्रणेचा उल्लेखच नाही, हे मला सर्वांत जास्त खटकलं. तिच्यातही काजळी शिरते. ती पुसा, सांध्यांना तेलाचा थेंब द्या, पण चकमक जिथे घासते तो पोलादी पत्रा कोरडाच ठेवा. तेलकट पत्र्यावर ठिणगी पडत नाही. मग रिकाम्या बंदुकीचा घोडा अर्ध्या खाचेवर, म्हणजे चाप ओढला तरी सुटू नये अशा मधल्या सुरक्षित जागी, चढवून चाप ओढून बघा. घोडा सुटला तर खाच झिजलेली आहे, आणि जाणकार कारागिराने ती दुरुस्त करेपर्यंत ती बंदूक रांगेत न्यायची नाही.