‘वैयक्तिक’ हा शब्द गाळला की काय होतं

परवा सोसायटीच्या ग्रुपवर कुणीतरी प्रश्न टाकला : आशियाई स्पर्धेत सुवर्णपदक मिळवणारी पहिली भारतीय महिला कोण? उत्तरही त्यांचंच : कमलजीत संधू, बँकॉक, १९७०, ४०० मीटर. मी लिहिलं, "‘वैयक्तिक’ शब्द राहिला." एकच अंगठा आला. तोही नवऱ्याचा.

कमलजीतचं यश मोठंच, वाद नाही. पण त्याआधी सोळा वर्षं, १९५४ मध्ये, ख्रिस्टीन ब्राउन, स्टेफी डिसूझा, व्हायोलेट पीटर्स आणि मेरी डिसूझा या चौघींनी मनिलात ४ बाय १०० मीटर रिलेचं सुवर्ण जिंकलं होतं, ४९.५ सेकंदांत. यातली मेरी आपल्या वांद्र्याची. १९५१ ला दिल्लीत २०० मीटरचं ब्राँझ आणि रिलेचं रौप्य, १९५२ ला हेलसिंकी ऑलिंपिकमध्ये १०० आणि २०० मीटर. सरकारकडून पुरेसे पैसे नव्हते, तेव्हा मित्रमंडळींनी नाच आणि पत्त्यांचे कार्यक्रम ठेवून ते जमवले. (वांद्र्यातलीच मंडळी, नाचायला निमित्त लागलं असेल असं नाही.) हेलसिंकीत ती पहिल्याच फेरीत बाहेर पडली. पुढच्याच वर्षी भारताकडून हॉकी खेळायला इंग्लंडला! ध्यानचंद पुरस्कार मिळाला २०१३ मध्ये, वयाची ऐंशी उलटल्यावर.

रिलेचं पदक म्हणजे पाव पदक, असं आपण मनातल्या मनात धरूनच चालतो. दहिसरची ऐश्वर्या मिश्रा घ्या. २०२३ ला बँकॉकच्या आशियाई अजिंक्यपद स्पर्धेत ४०० मीटरचं ब्राँझ, त्याच वर्षी हांगझोऊच्या आशियाई क्रीडा स्पर्धेत विथ्या रामराज, प्राची आणि शुभा वेंकटेशनबरोबर ४ बाय ४०० चं रौप्य, ३ मिनिटं २७.८५ सेकंद. ऑफिसात सांगितलं तर एकजण म्हणाला, "रिलेचं ना?" त्या "ना"त सगळं आलं. ज्या शर्यतीत आपल्या मुलींनी २००२ ते २०१८ सलग पाच आशियाई सुवर्णं आणली, तिच्याबद्दल हे!

मी शाळेत ४ बाय १०० ला तिसरी धावायचे, म्हणजे वळणावर. उंच मुली सरळ पट्ट्यावर, आम्ही बुटक्या वळणावर. शिवाजी पार्कच्या मातीत फक्कीच्या रेषा आखून तालीम. पुढच्या मुलीच्या मागे ठरावीक पावलं मोजून खूण करायची. मी त्या खुणेवर आले की ती सुटणार, बॅटन (हातातून हातात द्यायची दांडी) घ्यायला हात मागे, नजर पुढे. मागे वळून बघितलं की गेली शर्यत. आता सांगा, एकटीनं आपल्या लेनमध्ये पळणं अवघड, की पूर्ण वेगात, न बघता, दुसरीच्या हातावर विसंबून पळणं? माझं मत पक्कं आहे. बॅटन पडलं की चौघींची मेहनत पडते, आणि पाडणारीचं नाव मात्र सगळ्यांच्या लक्षात राहतं. तेव्हा बरं वैयक्तिक होतं सगळं.

आम्ही एकदा आंतरशालेय जिंकलो. चौघींत प्रमाणपत्र एकच, ते शाळेच्या काचेच्या कपाटात लागलं. गेल्या वर्षी भाचीच्या ॲडमिशनला गेले तेव्हा मुद्दाम बघितलं. शेवटच्या टप्प्यावाल्या मुलीचं नाव सुवाच्य अक्षरात, आणि पुढे ‘व इतर ३’.