पडलं की पाडलंस?

हल्ली ठाण्याला फोन केला की बोलणं फिरून फिरून कामाच्या तासांवर येतं. तरुणांनी आठवड्याला ७० तास काम करावं, असं नारायण मूर्ती ऑक्टोबर २०२३ मध्ये म्हणाले. जानेवारी २०२५ मध्ये एल अँड टीच्या अध्यक्षांनी आकडा ९० वर नेला. त्याच वर्षी सप्टेंबरात राज्य मंत्रिमंडळाने कारखान्यांतली रोजची मर्यादा ९ वरून १२ तास करायला मंजुरी दिली. मी अकरा वर्षं जपानात, आइची प्रांतात, गाड्यांचे सुटे भाग बनवणाऱ्या कारखान्यात आहे. त्यामुळे मला हटकून विचारतात, ‘काय गं, जपानी माणूस किती तास राबतो?’

भरपूर राबतो. अतिश्रमाने येणाऱ्या मरणाला त्यांच्याकडे करोशी असा वेगळा शब्द आहे. २०१९ पासून ओव्हरटाइमला महिन्याला ४५ तासांची कायदेशीर मर्यादा आली, तीही अपवादांसकट. तेव्हा तासांच्या वादात जपानचा दाखला कोणी देऊ नये, माझा तर नकोच.

मला आठवतो तो रबाळ्याचा कारखाना. ठाण्याहून ट्रान्स-हार्बर लोकलने जायचे, पहिली नोकरी, ट्रेनी इंजिनियर. सकाळच्या पहिल्या तासातले जॉब, म्हणजे मशीनवर घडवलेले भाग, मापात बसायचे नाहीत. रिजेक्शन वाढलं की साहेब खाली येऊन ओरडायचे, ऑपरेटरला मेमो, आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच. नोकरी सोडताना मी त्या मशीनवरच्या काकांना सहज म्हटलं, ‘काका, सकाळीच असं का होतं हो?’ ते म्हणाले, ‘मशीन थंड असते. वीस मिनिटं रिकामी फिरवली की माप धरते.’ मग फिरवत का नाही? ‘रिकामी मशीन चालवताना दिसलो तर कामचुकार म्हणून दुसरा मेमो.’ रोज एक तासाचा माल भंगारात जात होता. वीस मिनिटं मात्र कोणाला परवडत नव्हती. पाळी आठ तासांची असो की बारा, पहिला तास भंगारातच जाणार होता.

टोयोटाच्या ताइइची ओनो यांचं पाच वेळा ‘का’ विचारण्याचं तंत्र आपल्याकडच्या प्रत्येक ट्रेनिंगमध्ये दाखवतात. त्यांचं उदाहरण असं: मशीन बंद का पडली? भार वाढून फ्यूज उडाला. भार का वाढला? बेअरिंगला वंगण कमी मिळालं. का? पंप पुरेसं ओढत नव्हता. का? त्याचा दांडा झिजला होता. का? गाळणी नव्हती, धातूचा कीस आत गेला. स्लाइडवर हे सगळे वाचतात, पण या साखळीत एकही माणूस नाही, हे क्वचितच कोणाच्या लक्षात येतं. कोणाची पाळी होती, हे ओनो विचारतच नाहीत.

आपला ‘का’ मात्र तोंडातून निघतानाच रागावलेला असतो. फुलपात्र खाली आलं की पोर म्हणतं ‘पडलं’, आणि आई विचारते, ‘पडलं की पाडलंस?’ भाषेने आपल्याला दोन्ही क्रियापदं दिली आहेत. जपानीतही आहेत, कोवारेता म्हणजे मोडलं, कोवाशिता म्हणजे मोडलंस. ‘का केलंस?’ला एकच उत्तर असतं, ‘चुकलं साहेब.’ ‘का झालं?’ असं विचारलं तर काका वीस मिनिटांचं सांगतात.

इथे जपानात अडचण आली की कामगार लाइनवरची इशाऱ्याची दोरी ओढतो. लाइन तिथल्या तिथे थांबत नाही, ठरलेल्या खुणेपर्यंत सरकत राहते. तेवढ्या वेळात लीडर धावत येतो आणि पहिलं वाक्य असतं ‘काय दिसलं?’ मी पहिल्यांदा दोरी ओढली तेव्हा माझे हात थरथरत होते. रबाळ्याची सवय.

पण हे रक्तातलं नाही. टोयोटाच्याच मालकीच्या दाइहात्सूमध्ये ६४ मॉडेलांच्या चाचण्यांत गैरप्रकार झाल्याचं डिसेंबर २०२३ मध्ये चौकशी समितीने सांगितलं. मुदती इतक्या आवळलेल्या होत्या की चुकायला जागाच नव्हती. वरच्याकडे अडचण नेली तर ‘बरं, मग काय करणार?’ एवढंच परत मिळायचं. प्रश्नच तोही, पण त्याने माणसं गप्प झाली.

माझ्या चुलतभावाचं, दादाचं, वागळे इस्टेटमध्ये टर्निंगचं वर्कशॉप आहे, अठरा माणसं. सुट्टीत मी त्याला हे सगळं ऐकवलं. तो म्हणाला, ‘अगं, माझ्याकडे पोरगं चार महिन्यांत जातं, कंत्राटदार दुसरं पाठवतो. पाच वेळा का विचारायला तेच माणूस पाच दिवस तरी समोर हवं ना?’ बरोबर बोलला. टोयोटात १९५० साली कामगारकपातीवरून मोठा संप झाला, संस्थापक कीइचिरो तोयोदांना अध्यक्षपद सोडावं लागलं. कामगारांच्या सूचना मागवण्याची योजना त्यानंतरची, १९५१ ची. उद्या मी इथे असेन, ही खात्री नसलेला माणूस गाळणी नाही हे कशाला सांगेल? कंत्राटी पद्धतीवर मात्र तासांच्या वादात कोणी बोलत नाही. दादाला मी एवढंच म्हटलं, मग निदान जुन्या चौघांना तरी विचार.

तो हसला. ‘आणि तू गं? तुझ्या वरच्याला विचारतेस का?’

लाइनबद्दल विचारते, रोज. पण अकरा वर्षांत आमच्या खात्यात एकही बाई लाइन लीडर झालेली नाही, आणि हे मी आजवर एकाही सभेत काढलेलं नाही. झाली नाही, की केली नाही? तिथे ‘झाली नाही’ म्हणणं सगळ्यांनाच सोयीचं आहे. मलासुद्धा.