मान मोडली की तोल येतो म्हणे!

सोयाबीन निघाल्यापासून आमच्या भागातल्या गावागावांच्या ग्रुपवर एक मेसेज फिरतो आहे. त्याचं सार असं: "चक्कर येते, तोल जातो? शंभर टक्के मानेची नस दबलेली असते. मानेच्या स्नायूंना तेल लावा, बरोबर झटका द्या. कट्ट आवाज आला की नस जागेवर, मेंदूला रक्त सुरू. 5 मिनिटांत माणूस सरळ चालतो. गोळ्या नको, तपासणी नको. शेतकरी बांधवांपर्यंत पोचवा."

मी यवतमाळ जिल्ह्यात फिजिओथेरपी करतो. माना हाताळणं हेच माझं काम. मेसेज साफ खोटा असता तर सोडून दिला असता, पण त्यात थोडं खरं आहे आणि तेच घात करतं.

खरं काय, ते आधी. कवटीच्या बुडाशी, केस संपतात त्या जागी, खोलवर दोन्ही बाजूंना चार-चार बारके स्नायू असतात. ताण किती आहे हे टिपणारे तंतू त्यांच्यात खच्चून भरलेले. डोकं हललं हे कान सांगतो. पण नुसतं डोकं हललं की अख्खं अंग, हे मेंदूला मानेकडून कळतं. माणूस डोळे मिटून उभा असताना मानेच्या मागच्या स्नायूंना यंत्रानं थरथरवलं तर तो पुढे झुकतो. 1977 साली छापून आलेल्या एका प्रयोगात माणसांच्या मानेत बधिर करण्याचं औषध टोचलं, तर त्यांची चाल डगमगली. तेव्हा मानेचा आणि तोलाचा संबंध आहे, वाद नाही.

पण "शंभर टक्के मान"? इथं मेसेज घसरतो. गरगरण्याचं सगळ्यात जास्त सापडणारं कारण मानेत नाही, कानात असतं. आतल्या कानात कॅल्शियमचे बारीक कण असतात. ते जागा सोडून अर्धगोल नळीत शिरले की डोकं वळवताच घर फिरतं, आणि मिनिटाच्या आत थांबतं. वेचणीच्या दिवसांत एका काकूंच्या घरी गेलो, गळ्यात दोन महिन्यांपासून पट्टा. "कुशीवर झाली का आढं फिरते पोरा." एवढ्या वाक्यात निदान अर्धं झालं. त्यांच्या घरच्या बाजेला झोळ होता, डोकं मागे लोंबेना, म्हणून खांद्याखाली गोधडीची घडी दिली. उजवीकडे मान वळवून झटकन आडवं केलं. पाच-सात सेकंद काही नाही. मग बुबुळं थरथरत गोल फिरायला लागली आणि काकूंनी माझं मनगट गच्च धरलं. तिथूनच डोकं टप्प्याटप्प्यानं दुसऱ्या बाजूला वळवत नेलं, कुशीवर केलं, उठवून बसवलं. जॉन एपली या अमेरिकन डॉक्टरानं 1992 साली ही पद्धत छापली. यात मानेला झटका कुठंच नाही. मान नुसती मूठ आहे, फिरवायचा असतो कान. शिवाय हे दुखणं बऱ्याचदा काही आठवड्यांत आपोआपही जातं, आणि श्रेय मिळतं शेवटी ज्यानं मान मोडली त्याला.

कट्ट आवाज म्हणजे नस बसली? नाही. सांध्यातल्या पाण्यात वायूची पोकळी तयार होते, तिचा तो आवाज. 2015 साली कॅनडात बोटं ओढताना एमआरआय काढून हे पाहिलंय. बोटं मोडताना कोणती नस जागेवर जाते हो?

रक्त सुरू होण्याचं तर उलटंच आहे. मेंदूच्या मागच्या भागाला जाणाऱ्या दोन धमन्या मानेच्या सहाव्या मणक्यापासून पहिल्यापर्यंत हाडाच्या भोकांतून चढतात. तेल लावून त्या मोकळ्या होत नाहीत. मात्र जोरात पिळून झटका दिला तर क्वचित त्यांचा आतला पदर फाटतो, गुठळी होते, लकवा मारतो. क्वचितच, पण कटिंगच्या दुकानात फुकट मिळणाऱ्या गोष्टीसाठी हा सौदा महाग आहे. मान मोडल्यावर पूर्वी कधी नव्हतं असं मानेत किंवा डोक्यात दुखू लागलं, जीभ जड झाली, दोन-दोन दिसलं, तर 108 ला फोन करा.

5 मिनिटांचं म्हणाल तर, 2014 साली ऑस्ट्रेलियात 86 जणांवर झालेली चाचणी आहे. बाकीची कारणं वगळून ज्यांची चक्कर मानेचीच ठरली, असेच लोक घेतले. झटके नव्हते, मणका हातानं हळू सरकवायचा, तोही अनेक बैठकांत. खोट्या उपचारापेक्षा चक्कर खरंच कमी झाली. मीही हेच करतो. आधी रात्रीच्या ओलिताला डोक्याला बांधतात ती बॅटरी बांधायची, भिंतीपासून 90 सेंटीमीटरवर बसवायचं, डोळे मिटून मान वळवून पुन्हा मध्ये आणायला सांगायचं. उजेडाचा ठिपका सातेक सेंटीमीटरपेक्षा जास्त चुकत राहिला, तर मानेकडून चुकीची खबर जात असावी असा संशय घ्यायचा. मग हात लावायचा.

राहिलं "तपासणी नको". आपल्याकडे चक्कर उन्हानं येते, रक्त कमी असल्यानं येते, बीपीच्या गोळीनं येते. आणि फवारणीनं येते. 2017 मध्ये आपल्याच जिल्ह्यात कपाशीवर फवारताना विषबाधा होऊन 20 हून जास्त माणसं गेली. यंदा एका पोराला मित्रांनी मोटरसायकलवर मधे बसवून माझ्याकडे आणलं, मान मोडून द्या म्हणून. शर्टाला औषधाचा वास, घाम निथळतोय, तोंडातून लाळ, बाहुल्या टाचणीच्या टोकाएवढ्या. शर्ट काढला, नळाखाली साबणानं धुतला त्याला, 108 बोलावली. मित्र मागून म्हणतच होता, "मानेचं पाहा न जी आधी."

दहा दिवसांनी पोरगा स्वतः आला, तेव्हा पाहिली. मान ठणठणीत होती.