अँड्रेस ओपरचे ३८ गोल कमी नाहीत

एस्टोनियाच्या राष्ट्रीय फुटबॉल संघाचा माजी स्ट्रायकर (गोल करण्यासाठी सर्वात पुढे खेळणारा) अँड्रेस ओपर याच्यावरच्या लेखातलं ‘१३४ सामन्यांत ३८ गोल म्हणजे ओपर साधारणच स्ट्रायकर’ हे वाक्य अजिबात पटलं नाही. जेमतेम तेरा लाख वस्तीच्या एस्टोनियाकडून खेळताना चेंडू पायाशी येतो किती वेळा? मी कॉलेजात अशाच दुबळ्या संघाचा स्ट्रायकर होतो. अख्ख्या सामन्यात तीन-चार पास, तेही गोलकडे पाठ असताना, बरगडीत डिफेंडरचं कोपर रुतलेलं. त्यातून एक गोल झाला की आठवडाभर जमिनीवर पाय ठरत नसत!

डेन्मार्कचा आल्बोर्ग, रशियाचा टॉर्पेडो मॉस्को, नेदरलँड्सचा रोडा या क्लबांनी त्याला उगाच घेतलं नव्हतं. पुढे राष्ट्रीय संघाचा सहायक प्रशिक्षक झाला, त्यावर मात्र लेखात एकच ओळ. एकटं पडलेल्या स्ट्रायकरने काय करायचं, हे त्याच्याइतकं कोण शिकवणार?